वरच्या आळीचे जाहीर आभार

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार घालायला मी वाकलोही होतो, पण दोन दिवस सभागृहाच्या खुर्चीत बसून पाठ अशी धरली आहे की पुन्हा उभं करायला माणसं बोलवावी लागतील. तेव्हा सध्या कमरेपर्यंतचा नमस्कार गोड मानून घे, उरलेला भेटीत घालीन. तुझे गुडघे कसे आहेत? ताईला आता जेवण जातं का? बाळ घरच्यांना झोपू देतं का, आणि (हे जास्त महत्त्वाचं) तू जावईबापूंना झोपू देतेस का? फोन सोडून पत्र कशाला, असं तू विचारशीलच. त्याचं कारण असं की फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात तुला मध्ये बोलायला जागा नसते. शिवाय जे सांगायचं आहे ते क्रमाने सांगितलं नाही तर गैरसमज होण्यासारखं आहे.

तू ताईच्या बाळंतपणाला गेलीस आणि पाठोपाठ तुमच्या गावात विभागीय जलसंपदा परिषद भरली. (दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही.) मी नेमकं काय काम करतो हे मला तुला कधी नीट सांगता आलेलं नाही. तू शेजारणींना "भाचा पाण्यात आहे" एवढंच सांगतेस, आणि त्यामुळे वरच्या आळीतल्या निम्म्या लोकांची मी जहाजावर असल्याची समजूत आहे. प्रत्यक्षात मी आमच्या संस्थेत जमिनीखालच्या पाण्याचा माग काढतो. बाटल्या भरायच्या, त्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, त्या चिठ्ठ्या भिजून निघाल्या की कुठली बाटली कुठली यावर सहकाऱ्यांशी भांडायचं, असं ते काम आहे. मी इतके दिवस वरचेवर तुझ्याकडे जेवायला यायचो ते तुझ्या प्रेमापोटी तर होतंच, पण शिवाय खालच्या बागेतल्या झऱ्याचं पाणी तपासण्यासाठीही होतं. (हे वाक्य लिहिण्याआधी बराच विचार केला. जेवण उत्तमच असायचं.)

तो झरा म्हणजे खालच्या भागातल्या लोकांचा जीव की प्राण, हे तू जाणतेसच. सकाळी फिरायला येणारी मंडळी तिथे ओंजळ ओंजळ पाणी पितात, पोट साफ राहतं, सांधे मोकळे होतात असं एकमेकांना सांगतात आणि पाहुण्यांना बाटल्या भरून देतात. समोरच्या हॉटेलवाल्याने तर पाटीवरच झऱ्याचं चित्र काढून घेतलं आहे. आणि वर टेकडीवर, तुमच्या आळीत, नळाला करंगळीएवढी धार, तीही नळाच्या मनात असेल त्या दिवशी. बाकी दिवस तुम्ही टँकरमागे कळशा घेऊन धावता. या दोन गोष्टींचं एकमेकींशी काही नातं असेल असं कुणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही. पण त्या झऱ्याचं वागणं मला खटकायला लागलं. खरा झरा पावसाळ्यानंतर फुगतो आणि उन्हाळ्यात रोडावतो. हा बारा महिने एकाच तब्येतीचा. बरं, दिवसभर तरी सारखा वाहावा, तर तेही नाही. सकाळी जोर, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पुन्हा जोर, अगदी पाणीपुरवठा खातं ज्या वेळी पाणी सोडतं त्याच वेळी. एकदा पंप बिघडल्यामुळे गावाचा पुरवठा बंद होता, तर झऱ्यानेही रजा टाकली. निसर्ग इतका शिस्तीत वागत नाही, मावशी. बाटल्या तपासल्या, तर नळाच्या पाण्यात जंतू मारायला जे औषध घालतात त्याचे अंश निघाले. थोडक्यात, तो झरा नव्हताच. तुमच्या आळीकडे चढणारी मोठी जलवाहिनी रस्त्याखाली फुटली होती, आणि तुमचं पाणी वर यायच्याऐवजी मातीतून झिरपत झिरपत खाली बागेत जाऊन नैसर्गिक होत होतं.

हे परिषदेत मांडायचं होतं आमच्या साहेबांनी. साहेबांनी त्यासाठी नवा कोट शिवला होता. सकाळी कार्यक्रमपत्रिका हातात पडली आणि त्यांनी वाचलं की आमच्या सत्राचे अध्यक्ष पाणीपुरवठा खात्याचे मुख्य अभियंता, म्हणजे ज्यांची जलवाहिनी तेच. त्याच क्षणी साहेबांचा घसा बसला. घसा बसला तो बसलाच, पाठोपाठ साहेबही गाडीत जाऊन बसले. खुणेनेच त्यांनी मला सांगितलं की आता तू बोल, आणि खुणेनेच सांगितलं की बोलताना माझं नाव घेऊ नकोस. (हे दुसरं वाक्य खुणेने सांगायला अवघड असतं. त्यांना छान जमलं.)

मी व्यासपीठावर चढलो. सूत्रसंचालन करणाऱ्या प्राध्यापिका बाईंच्या हातातली पानं मागेपुढे झाली होती, त्यामुळे त्यांनी माझ्यानंतर बोलणाऱ्या गृहस्थांचा परिचय मला दिला. तळ्यातल्या मत्स्यशेतीत हयात घालवलेला, माशांच्या एका रोगावर उपाय शोधलेला वगैरे वगैरे. टाळ्या इतक्या पडल्या की खुलासा करणं मला अशोभनीय वाटलं. सभागृहात प्रत्येक खुर्चीवर पाण्याची एकेक छोटी बाटली ठेवली होती, त्या पातळ प्लास्टिकच्या, हात लावला की कडकडणाऱ्या. जलसंपदेवर विचार करायला जमलेली सगळी माणसं एकाच वेळी त्या बाटल्या उघडत होती. त्या कडकडाटात मी सुरुवात केली.

माझा बेत फार सावध होता. आधी भूगर्भाची रचना, मग पावसाचे आकडे, मग हळूच पाण्याचे नमुने, आणि श्रोते पुरेसे पेंगुळले की निष्कर्ष. पण पडद्यावरची चित्रं पुढे सरकवायचा जो रिमोट हातात दिला होता, तो एकदा दाबला तर काहीच होईना, म्हणून मी जोरात दाबला, तर तो माझी सगळी चित्रं ओलांडून थेट शेवटच्या पानावर जाऊन थांबला. पडदाभर अक्षरं आली: हा झरा नसून जलवाहिनीची गळती आहे. मागे जायचं बटण नव्हतंच, किंवा असलं तरी चालत नव्हतं. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी पडद्यासमोर आडवा उभा राहिलो. त्याने इतकंच झालं की "हा झरा नसून" हे एका खांद्याच्या पलीकडे राहिलं आणि "गळती आहे" ही अक्षरं बरोबर माझ्या पोटावर आली. कडकडाट थांबला. पहिल्यांदाच सभागृह इतकं शांत झालं की वेळेची घंटा वाजवायला बसलेल्या, पाणीपुरवठा खात्यातल्या शिपायानेही घंटेवर हात ठेवून दिला. मी पोटाकडे बघितलं आणि जे लिहिलं होतं तेच तोंडाने सांगून टाकलं. वेळा, पंप, औषधाचे अंश, सगळं. बोलायला लागल्यावर मात्र थांबता येईना.

मुख्य अभियंता हा माणूस आकाराने मोठा आणि स्वभावाने अगदी संथ. माझं संपलं. मी मनातल्या मनात दुसरी नोकरी शोधायला सुरुवात केली होती. मग ते माइककडे झुकले आणि म्हणाले, "म्हणजे आमचं हरवलेलं पाणी सापडलं म्हणा की."

मला कळेना. मग त्यांनीच समजावून सांगितलं. खातं जितकं पाणी सोडतं आणि गावाला जितकं पोचतं यांचा मेळ कधीच बसत नाही, आणि वरिष्ठ अधिकारी दर वर्षी विचारतात की मधलं पाणी जातं कुठे. आजवर उत्तर नव्हतं. आता आहे. ते वाया जात नाही, बागेत जातं, भूजलाचं पुनर्भरण करतं, लोकांची पोटं साफ ठेवतं. "ही तर योजनाच झाली!" असं म्हणून त्यांनी मला हाताला धरून पुढे आणलं, समारोपात या योजनेच्या अभिनंदनाचा ठराव मांडायचं जाहीर केलं, आणि देखरेखीच्या समितीवर माझी नेमणूक करून टाकली. टाळ्या सुरू झाल्या तशी साहेबांचा घसा सुटला. ते गाडीतून आले कधी, पुष्पगुच्छ घेतला कधी, मला दिसलंसुद्धा नाही. फोटोत ते मध्ये आहेत आणि माझा एक कान आहे. पहिला प्रश्न श्रोत्यांमधून आला तो असा की या झऱ्यात कुठला मासा टिकेल.

जेवणाच्या रांगेत लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते (तीच ती पाठ). मी नको नको म्हणत हसत होतो, आणि खरं सांगतो, मावशी, थोडं बरंही वाटत होतं. इतकी वर्षं बाटल्या भरल्या, कुणी थाप मारली नव्हती. तेवढ्यात तुझ्या समोरच्या घरातल्या शिकवणीच्या बाई ताट घेऊन माझ्याजवळ आल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या प्राध्यापिका म्हणजे त्यांच्याच सूनबाई, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी मला ओळखलं. "तुम्ही जहाजावर नाही का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तो मिटल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे ते बागेतलं पाणी आमचं?"

मी हो म्हणालो.

"आणि आता ते तिथेच राहणार?"

मी म्हणालो, तशी योजना झाली आहे खरी.

त्यांनी ताटातलं जेवण चिवडलं. रागावल्या नाहीत. मला वाटतं, रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मग म्हणाल्या, "तुमच्या मावशीचे गुडघे त्या टँकरपायी गेले. दुसरं काही झालेलं नाही त्यांना." आणि वर, "तुम्हीच बोला की. तुमच्याच तोंडासमोर ठेवतात ना तो भोंगा."

मी त्यांना समजावलं की परिषदेची एक पद्धत असते, ठराव अध्यक्षांचा असतो, मी संशोधन सहायक आहे, माझ्या वर साहेब आहेत, साहेबांच्या वर संचालक आहेत. त्या सगळं ऐकून घेऊन ताक वाढायला गेल्या. (माझ्या ताटात नाही.) त्यानंतरची सगळी दुपार मी कालव्यांमधल्या गाळावरची भाषणं ऐकली आणि एकही शब्द डोक्यात शिरला नाही. माझ्या अभ्यासात तुमच्या आळीचं नाव होतं, मावशी, पण "अंतिम टोकाचा वितरण विभाग" असं होतं. तिथे कुणाला गुडघे असतील हे मी कुठे मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समारोप. परगावची मंडळी गाड्या पकडायला निघून गेली होती आणि ज्यांनी आभार मानायचे होते ते गृहस्थही त्यांच्यातच गेले होते. प्राध्यापिका बाई हातात कागद घेऊन सैरावैरा माणूस शोधत होत्या. समोर मी दिसलो. "आभार मानाल का? एवढी यादी वाचायची फक्त." साहेब मला डोळ्यांनी नको म्हणत होते, पण त्यांच्या खुणांचा माझ्यावर आदल्या दिवशीपासून फारसा परिणाम राहिला नव्हता. मी माइकपाशी गेलो. अध्यक्षांचे आभार मानले, महाविद्यालयाचे मानले, जेवणवाल्यांचे, मंडपवाल्यांचे, ध्वनिक्षेपकवाल्यांचे मानले. यादी संपली. खाली बसायला हवं होतं. पण धरलेल्या पाठीला बसण्यापेक्षा उभं राहणं सोयीचं होतं, म्हणून मी तिथेच उभा राहिलो आणि बोललो.

मी म्हणालो, एक आभार राहिले. आता ज्या योजनेच्या अभिनंदनाचा ठराव होणार आहे, तिला लागणारं सगळं पाणी वरच्या आळीने दिलं आहे. कुणी मागितलं नव्हतं, त्यांना स्वतःला माहीतही नव्हतं, तरी इतकी वर्षं रोज दिलं आणि स्वतः टँकरच्या रांगेत उभे राहिले. अशा दानाची नोंद व्हायला हवी. वरच्या आळीतलं कुणी सभागृहात असेल तर कृपा करून उभं राहावं, म्हणजे आपल्याला टाळ्या वाजवता येतील.

शिकवणीच्या बाई उभ्या राहिल्या. पदर नीट करून, फोटो काढताना राहतात तशा. मग प्राध्यापिका बाई, व्यासपीठावरच होत्या, त्या हातातली पानं टेबलावर ठेवून सासूबाईंकडे तोंड करून ताठ उभ्या राहिल्या. मग घंटेचा शिपाई उठला. मग भिंतीपाशी टेकलेल्या, जेवण वाढणाऱ्या दोन बायका. मागच्या दारात महाविद्यालयाचे ग्रंथपाल. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. स्थानिक वर्तमानपत्राचा बातमीदार पहिल्यांदाच खुर्चीतून उठला आणि त्याने मोबाइल वर धरला. मुख्य अभियंता त्या उभ्या माणसांकडे एकेक करून बघत होते. ते बघणं मला वाईट वाटलं नाही. ठराव त्यांच्या हातात होता, तो त्यांनी घडी करून खिशात घातला आणि शिपायाला म्हणाले, "तू इतक्या दिवसांत मला कधी बोलला नाहीस." शिपाई म्हणाला, "साहेब, अर्ज दिला होता."

बाहेर ओसरीत त्यांनी मला गाठलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते इतकंच म्हणाले की नेमकी फूट कुठे आहे ते दाखवता येईल का. मी म्हणालो, ते सातव्या चित्रात होतं. रिमोटमुळे ते कुणी बघितलंच नव्हतं, आणि योजनेच्या आनंदात कुणी विचारलंही नव्हतं.

पुढचं भराभर सांगतो. बेकरीच्या वळणावर रस्ता खोदला. मी दाखवली तिथे फूट नव्हती. (थोडी अलीकडे होती. शास्त्रात एवढं चालतं, पण खोदणारे लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती शास्त्रीय नव्हती.) सांधा बदलला, खड्डा बुजवला. संध्याकाळी बागेतला झरा आधी बारीक झाला, मग ठिबकला, मग थांबला. फिरायला येणारी मंडळी घरात कुणी गेल्यासारखी त्याच्याभोवती उभी होती. एका आजोबांनी मला विचारलं की आता माझ्या पोटाचं काय करायचं. मी म्हणालो, घरचा नळ सोडा, तेच पाणी आहे. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मी ज्याच्याकडे उतरलो होतो त्या समोरच्या हॉटेलवाल्याने माझी बॅग खाली आणून ठेवली होती, खोलीला रंग द्यायचा आहे म्हणाला.

पण वर, तुमच्या आळीत, मावशी, तू असायला हवी होतीस. आधी सगळ्या नळांमधून जुनी हवा खाकरली. मग गंजाचं तांबडं पाणी. आणि मग अशी धार आली की शिकवणीच्या बाईंची कळशी हातातून निसटली. बायका भांडी घेऊन धावल्या आणि मग सवयीने धावल्याचं लक्षात येऊन मध्येच थांबल्या, कारण पाणी घरातच होतं. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या शिंपीकाकांनी अंगणात खुर्ची टाकली, पाय नळाखाली धरले आणि तसेच बसून राहिले. मला कुणीतरी चहा दिला, आणि जहाजावरून कधी आलात म्हणून विचारलं. मी काही विशेष भावुक झालो नाही. डोळ्यांत गंजाचं पाणी उडालं होतं एवढंच.

असं सगळं छान झालं आहे. तू निश्चिंत राहा. ताईला आठवण सांग, जावईबापूंना सहानुभूती, आणि बाळाला माझ्याकडून काय द्यायचं ते तूच ठरव, तू माझ्याआधी ठरवलं असशीलच.

तुझा पाण्यातला भाचा

ता. क. हॉटेलमधून निघाल्यावर मुक्कामाची पंचाईत होती. शिकवणीच्या बाई म्हणाल्या, मावशीची किल्ली आहे माझ्याकडे, तिथेच राहा. ती रात्र आळीच्या आनंदात त्यांच्याच ओसरीवर गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तुझं दार उघडलं. गावाला जाताना तू स्वयंपाकघरातला नळ उघडाच ठेवून गेली होतीस, मावशी. तुझी चूक म्हणत नाही, ज्या नळाला पाणी नाही तो बंद काय आणि उघडा काय. मोरीतून झुरळं येऊ नयेत म्हणून तू तिच्या तोंडात फडकं कोंबून त्यावर पाटा ठेवला होतास, तोही सावधपणाच. परंतु नव्या सांध्याची चाचणी म्हणून खात्याने त्या रात्री पाणी बंदच केलं नाही, आणि धार रात्रभर चालू राहिली.

ता. क. २. कपाटाचा वरचा खण पूर्ण कोरडा आहे. तू खालचं विचारणार, म्हणून वरचं आधी सांगितलं. गाद्या गच्चीवर आहेत आणि उन्हाच्या मानाने वाळताहेत. हे पत्र मी तुझ्या ओट्यावर मांडी घालून लिहितो आहे. बाळ फार लहान आहे, ताई अशक्त आहे, अशा वेळी आई जवळ हवी. परत येण्याची घाई करू नकोस, पुढचा महिनाही तिथेच काढ, असं मला मनापासून वाटतं.

ता. क. ३. साहेब काल येऊन घर बघून गेले. पुढच्या वर्षीच्या परिषदेसाठी त्यांनी विषय पक्का केला आहे: पुरवठा सुधारल्यामुळे होणारं घरगुती नुकसान. आळीत बाकी सगळे घरी होते, त्यामुळे आमच्याकडे नमुना म्हणून तुझं एकच घर आहे. भिंतीवर पाणी जिथवर चढलं तिथे मी पेन्सिलने रेघ मारली आहे. तेव्हा मुख्य विनंती अशी की आल्यावर लगेच रंगारी बोलावू नकोस.

ता. क. ४. निदान रेघेच्या खाली तरी नको.